बापूंना दहापैकी चार

फुजैरा तेव्हा इतकं लहान होतं, की तिथे घडलेल्या गोष्टीला बाहेर जायला जागाच नव्हती. दोन तासांवरच्या दुबईत कुणाचं काही झालं तर लोक आठवड्यात विसरतात. आमच्याकडे तीच गोष्ट या शुक्रवारी एकाच्या घरी, पुढच्या शुक्रवारी दुसऱ्याच्या घरी, पुन्हा गरम करून वाढली जायची. शहाण्णव ते दोन हजार दोन, मी तिथल्या एका इंडियन स्कूलमध्ये सोशल स्टडीज शिकवत होते. त्या सहा वर्षांत एवढं साठलंय, की जुनी मंडळी भेटली की कुठून सुरू करावं ते कळत नाही. मग कुणीतरी म्हणतंच, "बापूंचं सांग ना!" आणि मी जरा ओशाळते, कारण बापूंच्या गोष्टीत व्हिलन मी आहे.

आधी माणसं सांगते, म्हणजे घोटाळा नको. आमच्या ओळखीची मराठी घरं तीन. एक आमचं. माझा नवरा अविनाश जहाजांना तेल पुरवणाऱ्या कंपनीत होता. दुसरं कुलकर्ण्यांचं. कुलकर्णी कार्गो सर्व्हेयर, म्हणजे जहाजात माल किती लिहिलाय आणि खरा किती आहे, हे तपासायचं काम. तिसरं प्रकाश शिंदेचं. प्रकाश समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्लांटवर इंजिनियर. त्याची बायको स्मिता, आणि मुलगी सानिका माझ्याच वर्गात, सातवीत.

या तिन्ही घरांचा समान छंद म्हणजे संशय. त्याला कारणही होतं. कुणाचा व्हिसा कधी कॅन्सल होईल, कुठली कंपनी कधी "खलास" म्हणेल, याचा नेम नसायचा. त्यामुळे कुणी कुणाला काही सांगायचं नाही. आणि कुणी सांगत नाही म्हटल्यावर उरलेल्यांनी अंदाज बांधत बसायचं.

एकदा कुलकर्ण्यांनी शारजाच्या रोल्ला बाजारातून तीन भल्यामोठ्या बॅगा आणल्या. झालं! कुलकर्णी कॅनडाला चालले, असं दोन्ही घरांनी ठरवून टाकलं. स्मिताने तर कुलकर्णीवहिनींना आडून विचारून ठेवलं, की तुमचा मिक्सर तुम्ही कुणाला देणार आहात का. सहा महिने झाले तरी कुणी हलेना. शेवटी कळलं, की बॅगांत रजया भरून ठेवल्या होत्या. "इथल्या घरांना माळा कुठे असतो हो?" असं वहिनी म्हणाल्या. पण मधल्या काळात त्यांनाही स्मिताचा संशय येत होता, की मिक्सर मागतेय, प्रकाशची नोकरी गेली की काय!

*

अशा या मंडळींत अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात प्रकाशचे वडील आले. प्रकाशची आई वर्षापूर्वी गेली होती आणि बापू गावी एकटेच होते, म्हणून त्याने दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर त्यांना बोलावून घेतलं. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याकडचं गाव, वय सत्तरीच्या पुढे. अंगात पांढरा लेंगा-सदरा, डोक्यावर टोपी, आणि पायांत प्रकाशचे जुने स्पोर्ट्स शूज.

संशय घेण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असा आमचा समज होता. बापूंनी तो पहिल्याच दिवशी खोटा ठरवला.

शारजा एअरपोर्टवरून येताना मसाफीचे डोंगर लागतात. नुसता दगड, झाडाचं नाव नाही. बापू ते बघत बसून होते. फुजैरात शिरल्यावर पहिल्याच राउंडअबाउटवर हिरवंगार गवत दिसलं, तेव्हा त्यांनी गाडी थांबवायला लावली. रस्ता ओलांडून सरळ गोलात गेले, उकिडवे बसले आणि मूठभर गवत मुळासकट उपटलं. बागेवरचा पठाण "ओ चाचा, ओ चाचा" करत धावत आला. बापूंचं लक्षच नव्हतं. ते मुळं उन्हात धरून निरखत होते.

गाडीत येऊन बसल्यावर म्हणाले, "खरं हाय."

*

मग त्यांना पाण्याचा संशय आला. नळाचं पाणी समुद्राचं आहे, असं प्रकाशने सांगितलं. संध्याकाळी कॉर्निशवर फिरायला नेलं तेव्हा खाली उतरून त्यांनी ओंजळीत समुद्राचं पाणी घेतलं, चाखलं, थुंकलं. घरी येऊन नळाचं चाखलं. आणि स्मिताला म्हणाले, "सूनबाई, मधी कुणीतरी खोटं बोलतंय."

प्रकाश बिचारा तासभर कागदावर आकृत्या काढून समजावत होता. वाफ कशी करतात, थंड कशी करतात, सगळं. बापूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की मग मीठ कुठं टाकता?

"मीठ परत समुद्रात जातं, बापू."

"म्हंजी समुद्र रोज जास्त खारट होतोय. आन् तुम्ही रोज त्यातलंच पाणी घेताय." बापूंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुझ्या साहेबाला म्हाईत हाय का हे?"

प्रकाशने दुसऱ्या दिवशी खरोखर साहेबाला विचारलं. साहेब इजिप्तचा होता. तो हसून म्हणाला, इन्शाल्ला, आपण दोघं रिटायर होईपर्यंत काही होत नाही.

*

शुक्रवारच्या जेवणांना बापू येऊ लागले आणि त्यांच्या गोष्टी सुरू झाल्या. ऐकताना मजा यायची, पण सगळ्यांची सुरुवात एकसारखी. गावात पहिली विहीर आम्ही खणली. पहिली शाळा आम्ही काढली. पहिला संडास आम्ही बांधला. पोरींना शाळेत पहिल्यांदा आम्ही घातलं. डोंगराला पहिली ताल आम्ही घातली, म्हणजे पावसाचं पाणी अडवायला दगडाचे बांध. कुलकर्ण्यांच्यातला सर्व्हेयर जागा झाला. त्यांनी टिश्यू पेपरवर मोजायला सुरुवात केली. तिसऱ्या शुक्रवारी आकडा अकरावर गेला.

न राहवून ते म्हणाले, "बापू, गावात तुमच्याशिवाय दुसरं कुणी राहत होतं का?"

"व्हते की," बापू म्हणाले. "ते बघायला यायचे."

कुलकर्ण्यांना सगळ्यांत जास्त खटकायचं ते बापूंचं 'आम्ही'. राजे लागून गेले का, असं म्हणायचे. त्यावर अविनाशने खुलासा केला. तो कऱ्हाडचा. म्हणाला, आमच्याकडे वडीलधारी माणसं अशीच बोलतात. माझे वडील एकटेच जेवून उठले तरी "आम्ही जेवलो" म्हणतात. तिकडे आम्ही म्हणजे मी, त्यात विशेष काही नाही.

हे सानिकाने ऐकलं. तिने खात्री करून घ्यायला विचारलंसुद्धा, "सो अंकल, आम्ही मीन्स आय?" अविनाशने ठासून सांगितलं, हो, आय.

आमच्या घरच्या विद्वत्तेने काय करून ठेवलं, ते आता ऐका.

*

जानेवारीत मी सातवीला प्रोजेक्ट दिलं. एका पायोनियरची मुलाखत घ्या, ज्याने काहीतरी पहिल्यांदा केलंय अशा खऱ्या माणसाची. बहुतेक मुलांनी वडिलांच्या बॉसला गाठलं. एकाने फुजैरातल्या पहिल्या भारतीय टेलरला शोधून काढलं. सानिकाने आजोबांना समोर बसवलं. ते सांगत होते, ती "आजोबा, स्लो, स्लो" म्हणत लगेच इंग्रजीत उतरवत होती. चार दिवस हे चाललं होतं. स्मिता सांगायची, की बापू रोज दुपारी आंघोळीनंतर धुतलेला सदरा घालून बसायचे, जणू फोटो काढायचाय.

वही माझ्याकडे आली. आता मी मास्तरीण, त्यात फुजैरातली. मुलं कॉपी करतात, पालक लिहून देतात, हे गृहीत धरूनच मी लाल पेन उघडायचे. सानिकाचे सहा पानी आजोबा वाचले आणि मला तीन ठिकाणी वास आला.

पहिलं. विहिरीचं काम थांबलं होतं, मजूर खाली उतरायला घाबरत होते. पुढे लिहिलं होतं, "इट वॉज ऑगस्ट, बट आय वेंट डाउन अँड एट माय लंच देअर." मी भूगोलसुद्धा शिकवत होते. ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात पाऊस. भर पावसाळ्यात अर्धवट खणलेल्या विहिरीच्या तळाशी बसून जेवला? लाल वर्तुळ.

दुसरं. मुली शाळेत याव्यात म्हणून, "दुपारी बायका घरात एकट्या असताना मी घरोघर जायचो आणि चुलीपाशी बसायचो." चाळीस वर्षांपूर्वीच्या खेड्यात एक पुरुष असं करतो, आणि त्याचे पाय शाबूत राहतात? मला तर म्हाताऱ्याच्या स्वभावाचाच संशय आला. लाल वर्तुळ.

तिसरं. शाळेच्या पत्र्यासाठी, "आय सोल्ड माय बँगल्स."

इथे मी पेन खाली ठेवून हसले. पोरीने कुठल्यातरी पुस्तकातून एखाद्या बाईची गोष्ट उचलली आणि बांगड्या काढायला विसरली! माझी खात्रीच पटली. खाली लिहिलं, की कल्पनाशक्ती छान आहे, पण विषय खऱ्या मुलाखतीचा होता, दोन आठवड्यांत पुन्हा लिही. आणि मार्क दिले दहापैकी चार.

*

घरी बापूंनी सानिकाला विचारलं, की बाईंनी लाल शाईत काय लिहिलंय. या वेळी मात्र तिने भाषांतर अगदी बरोबर केलं. म्हणाली, टीचर म्हणते हे सगळं मनानं बनवलंय.

"मार्क किती?"

"दहापैकी चार."

बापूंनी बराच विचार केला. "मग चार कशाचे दिले?"

अक्षराचे दिले होते. हे मला आज सांगतानाही लाज वाटते.

त्यानंतरच्या शुक्रवारी बापू आले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले. स्मिता माझ्याशी फोनवर मोजकंच बोलली, पण तिच्याकडून एवढं कळलं, की बापू घरातही गप्प असतात आणि तिकीट अलीकडचं मिळतं का, असं प्रकाशला विचारतात. खरं दुखणं वेगळंच होतं. सानिकाने मुलाखतीसाठी दुसरा माणूस ठरवला होता. कुलकर्णी अंकल! फुजैरातले पहिले मराठी कार्गो सर्व्हेयर. तिने आजोबांना तोंडावर काही म्हटलं नाही, पण रात्री त्यांच्याजवळ गोष्ट ऐकायला बसणं बंद केलं. एकदाच विचारलं, "आजोबा, टेल मी हॉनेस्टली. इज एनी ऑफ इट ट्रू?" बापूंना इंग्रजी येत नव्हतं, पण हे कळलं. म्हणाले, "घे तू कुलकर्णी साहेबांची. ते शिकलेले हायेत."

माणसाने सत्तर वर्षं जगावं आणि शेवटी नातीने त्यातलं काही खरं आहे का असं विचारावं, हे वाईटच. मी मात्र हटून बसले होते. अविनाशला सांगितलं, की मी फक्त जे दिसलं ते तपासलं. तो काही बोलला नाही. तो बोलत नाही तेव्हा त्याला माझंच चुकलंय असं वाटत असतं, हा माझा जुना संशय आहे.

*

शेवटी हातात घेतलं ते कुलकर्ण्यांनी. म्हणाले, वहिनी, वाद कशाला, सर्व्हे करू. पोर्टच्या वर्कशॉपमध्ये त्यांची ऊठबस होती. तिथे फॅब्रिकेशनच्या कामावर माण तालुक्याकडचा एक माणूस आहे, असं त्यांना कळलं. नाव पोपट. चौकशी केली तर तो थेट बापूंच्याच गावचा निघाला, पन्नाशीला टेकलेला. कुलकर्ण्यांनी त्याला शुक्रवारी जेवायला बोलावलं. बापूंना फक्त गावचा माणूस भेटेल एवढंच सांगितलं होतं, म्हणून ते आले. थोडक्यात, आम्ही त्या म्हाताऱ्याला चक्क सापळ्यात आणलं होतं.

पोपट आला, बापूंना बघितलं आणि दारातच त्यांच्या पाया पडला. जेवणं झाली. सानिका वही घेऊन कोपऱ्यात बसली होती, कुलकर्णी अंकलची मुलाखत लिहायला. कुलकर्ण्यांनी खिशातून अकरा कामांची यादी काढली, आता ती चांगल्या कागदावर उतरवलेली होती, आणि पोपटला विचारलं, "विहीर कुणी खणली? बापूंनी?"

पोपटने बापूंकडे बघितलं. "न्हाय. बापू तवा एसटीवर ड्रायव्हर व्हते. पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचे."

कुलकर्ण्यांनी फुली मारली. "शाळा?"

"बापूंनी न्हाय."

"मुलींना शाळेत कुणी आणलं?"

"बापू कुठनं आणतील? बापू तर गाडीवर."

चौथ्या फुलीला प्रकाश उठून उभा राहिला. चेहरा लाल झाला होता. म्हणाला, बास करा आता कुलकर्णी, कळलं सगळ्यांना. सानिका वहीत मान घालून बसली होती. मी जिंकले होते आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

पोपट गोंधळला. त्याला वाटलं आपलंच काही चुकलं. तो म्हणाला, "समदं काकींनी केलं की. मला पाटीवर पहिलं अक्षर काकींनी काढून दिलं. बापू साताऱ्यासनं एसटीतनं पाट्या आणायचे, काकी शिकवायच्या."

कुलकर्ण्यांचं पेन पाचव्या ओळीवर तसंच राहिलं.

"मग मी काय निराळं सांगितलं?" बापू म्हणाले. "आम्ही केलं, असंच म्हटलं न्हवं? मी आणायचो, ती करायची. म्हंजी आम्हीच की."

कुलकर्ण्यांनी विचारलं, की मग एकदा तरी त्यांचं नाव सांगायचं होतंत, आम्हाला कसं कळणार?

बापू माझ्याकडे वळले. "तुम्ही तुमच्या साहेबास्नी नावानं हाक मारता, बाई. ते तुमाला मारतात. आमच्यात बायकोचं नाव घेत न्हाईत."

मला तिथेच सगळं उमगलं. दुपारी बायका एकट्या असताना चुलीपाशी जाऊन बसली ती बाईच होती. बांगड्या बाईच्याच होत्या. म्हातारा सरळ मराठी बोलत होता. मराठी घरातल्या मराठी मास्तरणीला ते कळलं नाही, कारण तिने ते इंग्रजीत वाचलं.

सानिका अजून अडून बसली होती. माझ्या तीन शंकांपैकी पहिली अजून राहिली होती. तिने मोडक्या मराठीत विचारलं, "आजोबा, पण आजी विहिरीत ऑगस्टमध्ये का गेली?"

"ऑगस्ट कुठला?"

"तुम्ही म्हणाला ना, आठवा महिना चालू होता."

बापूंनी सावकाश हात उचलला आणि प्रकाशकडे बोट केलं. "आठवा महिना ह्याचा."

अविनाशला हसू फुटलं आणि मधेच विरलं, कारण प्रकाश मटकन खुर्चीत बसला होता. मग पोपटने सांगितलं ते असं. विहिरीत आसरा आहेत, पाण्यातल्या देवता, त्या जीव घेतात, असं कुणीतरी उठवलं होतं आणि मजुरांनी काम टाकलं होतं. गरोदर बाईवर आसरांची नजर आधी पडते, असं गावात सगळे मानायचे. म्हणून काकी आठव्या महिन्यात दोराच्या शिडीने खाली उतरल्या, तळाशी फतकल मारून बसल्या, फडक्यातली भाकरी सोडली आणि सगळ्या गावादेखत खाल्ली. वर येऊन म्हणाल्या, मला काही झालं नाही, आता तुम्हाला काय होणार? दुसऱ्या दिवशी मजूर परत आले.

प्रकाश एवढंच म्हणाला, "विहिरीवरच्या पाटीवर तर तुमचं नाव आहे, बापू."

"कचेरीत बाईचा अर्ज घेत न्हवते," बापू म्हणाले. "सही माझी. काम तिचं."

प्रकाश सहाव्या वर्षापासून शिकायला साताऱ्याला मावशीकडे होता, मग पुणे, मग इथे. आई आयुष्यभर गावात घर सांभाळत बसली, असंच तो आम्हाला सांगायचा.

*

दुसऱ्या दिवशी मी शिंद्यांकडे माफी मागायला गेले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. बापू गॅलरीत बसून तांदूळ निवडत होते. इथला पॉलिशचा तांदूळ, त्यात खडा औषधालाही सापडायचा नाही, पण त्यांचा विश्वास नव्हता.

मी म्हटलं, बापू, मी तुमच्यावर उगाच संशय घेतला, माझं चुकलं.

"असं म्हणू नका, बाई," ते म्हणाले. "तुम्ही तपासून तरी बघितलंत. गावात तिचं कुणी तेवढंबी केलं न्हाय."

मी तिथे रडले. स्मिताने चहा आणला, त्यात साखर घालायला ती विसरली होती, आणि आम्ही तिघांनीही तो तसाच प्यायला.

सानिकाने मुलाखत पुन्हा लिहिली. वर नाव घातलं: हिराबाई शिंदे, त्यांच्या पतीने सांगितल्याप्रमाणे. मी दहापैकी दहा दिले. कुलकर्णी अंकलची मुलाखत अर्थातच बारगळली. त्याचं त्यांना थोडं वाईट वाटलं, आणि अजूनही वाटत असावं असा मला संशय आहे.

*

बापू परत जायच्या आधीच्या बुधवारी मी त्यांना वर्गात बोलावलं. त्यांनी स्वतः सांगावं, सानिकाने इंग्रजी करावं, असं ठरलं. ते धुतलेला सदरा घालून सानिकाबरोबर सकाळीच शाळेत आले.

आमच्या शाळेत बाहेरच्या माणसाला रिसेप्शनवर रजिस्टरमध्ये नाव लिहून सदऱ्याला बॅज लावावा लागायचा. रिसेप्शनची मुलगी फिलिपिनो. तिने रजिस्टर पुढे केलं. बापूंनी पेन घेतलं, जरा वेळ थांबले, मग मराठीत लिहिलं. तिला ते वाचता येईना, म्हणून तिने सानिकाला विचारलं. सानिकाने वाचून दाखवलं, तिने बॅजवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत ते लिहिलं आणि बापूंच्या छातीवर लावून दिलं.

वर्गात माझं लक्ष बॅजकडे गेलं. चुकीचं लिहिलं गेलंय असं वाटून मी सानिकाला बाजूला घेतलं. ती म्हणाली, "नो मिस. आजोबांनी तेच लिहिलं. आय जस्ट रेड इट. धिस टाइम आय डिडन्ट चेंज एनीथिंग."

बापू पाऊण तास बोलले. विहिरीचं सांगितलं, आसरांचं सांगितलं, पाट्यांचं सांगितलं. सगळं 'आम्ही' करत. सानिका प्रत्येक वेळी न चुकता "माय ग्रँडमदर अँड ग्रँडफादर" म्हणत होती. मुलं कधी नव्हे ती गप्प बसली होती. एका मुलाने विचारलं, की खाली भाकरीबरोबर काय खाल्लं? बापू म्हणाले, लसणाची चटणी.

तास संपला. पाहुण्यांचे आभार मानायची आमच्या शाळेची पद्धत ठरलेली. मॉनिटर खूण करतो, सगळी मुलं उभी राहतात आणि पाहुण्याचं नाव घेऊन एका सुरात थँक यू म्हणतात. मॉनिटर केरळचा होता. त्याने पुढे वाकून बॅज वाचला, मागे वळून मुलांना नाव सांगितलं. मी थांबवायला हात वर केला, पण उशीर झाला होता. पस्तीस मुलं ओरडली,

"थँक यू, हिराबाई सर!"

बापू खुर्चीतून उठले. टोपी सारखी केली. आणि म्हणाले, "हजर."